घरांवरचे अँटेना बरोबर होते

छपरावर चढलेल्या माणसाला खाली टीव्हीसमोर उभं राहून ओरडणारं कुणीतरी लागतंच. वरच्याने अँटेना बोटभर फिरवायचा आणि खालच्याने सांगायचं — आलं, गेलं, आलं. टीव्ही डिजिटल झाला, पडदे पातळ झाले, पण ही ओरडाओरड काही सुटली नाही.

त्या सकाळी अँटेनावाली मुख्याध्यापिकाबाईंच्या छपरावर होती आणि खाली ओरडायला कुणी नव्हतं. बाई स्वतः ओरडायच्या नाहीत. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी आवाज चढवणं त्यांना कमीपणाचं वाटे. म्हणून फाटकाशी कागद हातात धरून घराचा नंबर शोधणारा एक उंच मुलगा दिसताच तिने त्याला वरूनच कामाला लावलं.

"ओ, बाईंचे भाचे ना तुम्ही? जरा आत जा. टीव्हीसमोर उभे राहा. चित्र आलं की आलं म्हणा, गेलं की गेलं म्हणा. बाकी काही बोलू नका."

त्याला काहीतरी सांगायचं होतं, पण तिने तोवर पाठ फिरवली होती. तो निमूटपणे आत गेला. तिने अँटेना जरासा डावीकडे केला.

"पडद्यावर क्वालिटी चौतीस," खालून आवाज आला.

"आलं की गेलं तेवढं सांगा."

"धड आलंही नाही आणि गेलंही नाही. चौतीस होती... आता एकतीस. तुम्ही उलटीकडे फिरवताय."

पाना तिच्या हातातच राहिला. तिने छपराच्या कडेवरून वाकून पाहिलं. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढून वर पाहिलं. सकाळचं ऊन त्याच्या डोळ्यांत जात होतं आणि तरी तो हसत होता.

"तुम्ही भाचे नाही," ती म्हणाली.

"नाही. मी टॉवरवरचा. ट्रान्समीटरवर तंत्रज्ञ आहे. बाईंनी आम्हाला तेरा पत्रं पाठवलीत, त्यांचं उत्तर द्यायला आलोय."

ती शिडीवरून तरातरा उतरली. "काय उत्तर आहे?"

त्याने कागद पुढे केला. "आमच्याकडून सगळं ठीक आहे."

हे वाक्य तिने चार आठवड्यांत फोनवर सहा वेळा ऐकलं होतं. पण ते म्हणणारा माणूस दिसायला इतका बरा असेल असं तिला वाटलं नव्हतं, आणि त्यामुळे तिचा राग दुप्पट झाला.

राग यायला कारणही तसंच होतं. तिच्या वडिलांचं चौकात छोटंसं दुकान होतं आणि त्यावरच्या पत्र्यावर नावाखाली एवढंच लिहिलेलं होतं — 'चित्र तुटलं की आम्ही आलो.' बाबांनी तो शब्द तीस वर्षं पाळला. मग त्यांचा गुडघा गेला आणि शिडी मुलीकडे आली. तिनेही तो पाच वर्षं पाळला होता. गावाच्या पूर्वेकडच्या घरांवर जो अँटेना दिसेल तो बहुतेक तिच्याच हातचा होता.

आणि नेमकं पूर्वेकडेच चार आठवड्यांपासून चित्राचे तुकडे पडत होते. बातम्या सांगणारीचं तोंड चौकोनांत अडकायचं, आवाज मधेच गिळला जायचा आणि मग पडदा काळा. सिग्नल नाही. तिने केबली बदलल्या, जोड बदलले, बूस्टर तपासले, कुणाकडून एक पैसा घेतला नाही. तरी लोक बोलायचं ते बोलायला लागलेच. बापाच्या हाताला होतं ते पोरीच्या हाताला नाही, हे वाक्य तिने वाण्याच्या दुकानात स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. त्या दिवशी तिने विकत घ्यायचं होतं ते घेतलं नाही आणि तशीच घरी आली.

"तुमच्याकडून ठीक आहे," ती टॉवरवाल्याला म्हणाली, "मग माझ्याकडून बिघडलंय, असंच ना?"

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हणायला लागत नाही. त्याचा अर्थ तोच होतो."

मुख्याध्यापिकाबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी चष्मा खाली घेऊन दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "चूक कोणाची हे मला कळायची गरज नाही. मला संध्याकाळी सातच्या बातम्या सलग दिसायला हव्यात. पोरी, पुढच्या रविवारपर्यंत वाट पाहीन. नाहीतर सोमवारी मी डिशवाल्याला बोलावणार आहे."

अँटेनावालीला गल्लीची रीत ठाऊक होती. बाईंनी खिडकीचे पडदे बदलले की सगळी गल्ली पडदे बदलायची. बाईंच्या घरावर डिश लागली तर महिनाभरात तिचे अँटेना भंगारात जाणार आणि पत्र्यावरचा बाबांचा शब्द त्यांच्याबरोबर.

ती गाडीकडे गेली आणि डिकीतून एक जाडजूड वही घेऊन आली. कोपरे दुमडलेले, कव्हरला चिकटपट्टी. "हे वाचता येतं का तुम्हाला?"

त्याने पान उलटलं. घराची खूण, तारीख, अँटेना बसवला त्या दिवशी मीटरवर आलेला आकडा, आणि पुढे प्रत्येक फेरीचा आकडा. पानंच्या पानं. बाबांनी लावलेली शिस्त होती ती. घर सोडण्याआधी सिग्नल किती आहे ते लिहायचं, मग चहा.

तो वाचत राहिला. वाचता वाचता पायरीवर बसला. एवढा वेळ लावून तिची वही आजवर कुणी वाचली नव्हती.

"या घराचा आकडा चौपन्न होता," तो हळूच म्हणाला. "आता अठ्ठेचाळीस."

"सहाने उतरला. पुढचं पान बघा."

"सहा... इथेही सहा." त्याने मान वर केली. "तुमचा मीटर बरोबर आहे कशावरून?"

हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला असता तर तिने त्याला शिडीच दाखवली असती. पण त्याने तो खरंच जाणून घ्यायला विचारला होता. "तुमचा घेऊन या," ती म्हणाली. "दोन्ही शेजारी ठेवू. छपरावर चढता येतं ना?"

"मी शंभर मीटरच्या टॉवरखाली नोकरी करतो."

"खाली. मी वर चढण्याबद्दल विचारलं."

त्याने मान वर करून शिडीचं टोक पाहिलं, आणि तिला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून तो ड्यूटी संपवून संध्याकाळी पाचला दुकानापाशी येऊ लागला. दोघं छपरांवरून हिंडायची. तिच्या मीटरचा आकडा तो वाचायचा, त्याच्या मीटरचा ती, म्हणजे लबाडीला जागा नको. पहिल्या दिवशी तो शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरून चढला. तिसऱ्या दिवशी एका हातात तिची हत्यारांची पिशवी होती.

"पिशवी द्या इकडे. माझी मी आणते," ती म्हणाली.

"माहीत आहे आणता ते. पण मग मी रिकाम्या हाताने काय करू?"

"शिडी धरा."

"शिडी धरली की तुम्ही म्हणता घाबरता."

"घाबरताच," ती म्हणाली आणि पटकन तोंड फिरवलं, कारण हसू आवरेना.

बुधवारी दोघं एका दुमजली घरावर असताना पावसाची भुरभुर सुरू झाली. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला जेमतेम दोन माणसं मावतील एवढीच जागा होती. शेजारच्या छपरावर डिश होती आणि त्या घरातून आवाज आला — अरे, गेलं, सगळं गेलं. खालच्या घरातला टीव्ही मात्र बोलत होता. चौकोन पाडत का होईना, पण बोलत होता.

"ऐकलंत?" ती म्हणाली. "सर आली की डिश बसते रुसून. आपलं पावसाला दाद देत नाही."

"आपलं?"

"माझा अँटेना, तुमचा टॉवर. दोन्ही मिळूनच चित्र येतं ना?" बोलून गेल्यावर तिला ते जरा जास्तच वाटलं. ती मीटरच्या काचेवरचं पाणी ओढणीने पुसत बसली. काच केव्हाच कोरडी झाली होती.

त्याने स्वतःचा खांदा पावसात काढून तिला थोडी जास्त जागा करून दिली.

त्या रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "टॉवरवाल्याचा मीटर आपल्याशी किती जुळतो?"

"अर्ध्या अंकाचा फरक."

"म्हणजे चांगला आहे."

"कोण?"

"मीटरबद्दलच बोलतोय मी," बाबा म्हणाले आणि भात कालवू लागले.

शुक्रवारपर्यंत एकेचाळीस घरं झाली. शेवटच्या छपरावर तिने वही त्याच्या मांडीवर ठेवली. "एका घरात सहाने उतरला तर अँटेनाचा दोष. मान्य. दोन घरांत उतरला तर माझ्या हाताचा दोष, तेही मान्य. एकेचाळीस घरांत बरोबर सहानेच उतरला, सगळ्या पूर्वेकडच्या, सगळ्या एकाच आठवड्यापासून... तर?"

त्याने वही मिटली आणि लांबवर दिसणाऱ्या टॉवरकडे पाहिलं. "उद्या सकाळी तिकडे याल?" त्याने विचारलं.

टॉवर गावाबाहेर, एका बोडक्या टेकडीवर होता. जाळीचं फाटक, पंख्यांच्या घरघरीने भरलेली खोली, कपाटाएवढी यंत्रं आणि त्यांवर हिरव्या दिव्यांच्या रांगा. त्याने तिला एकेक काटा दाखवला. सगळं ठणठणीत होतं. त्याची या खोलीवर किती माया आहे ते तिला दिसत होतं. फरशीवर धुळीचा कण नव्हता आणि प्रत्येक केबलला त्याच्या सुबक अक्षरातली चिठ्ठी होती.

"इथून जेवढं निघायला हवं तेवढं निघतं," तो म्हणाला. "पण निघालेलं कुठवर पोचतं ते मोजायला इथे काहीच नाही."

"ते मोजायला मी आहे," ती म्हणाली.

बाहेर येऊन तिने पिशवीतली दुर्बीण काढून डोळ्याला लावली. टॉवरच्या टोकाशी प्रत्येक बाजूला चार पांढऱ्या पेट्या, एकाखाली एक. त्या पेट्यांतूनच सिग्नल चारी दिशांना जात होता. तिने पश्चिमेची बाजू पाहिली, उत्तरेची पाहिली, मग फिरून पूर्वेला आली. आणि थांबली. दुर्बीण तिने दोनदा पुसली.

"प्रत्येक पेटीला खालच्या अंगाला छोटं छिद्र आहे. आत शिरलेलं पाणी जायला. बरोबर?"

"हो."

"पूर्वेची तिसरी पेटी बघा. तिचं छिद्र वर आहे."

त्याने दुर्बीण घेतली. हात फाटकाच्या खांबाला टेकवून त्याने ती स्थिर धरली.

"उलटी बसलीये," तो शेवटी म्हणाला. "उलटी पेटी शेजारच्या पेटीची लाट पुसून टाकते. चारांतल्या दोनच उरल्या. लाट निम्मी झाली, की मीटरवर... बरोबर सहा." त्याने दुर्बीण खाली घेतली. "चार आठवड्यांपूर्वी ती पेटी बदलली. चढणारे बाहेरचे होते. पण खाली उभं राहून तपासायचं काम माझं होतं. सही माझी आहे."

चार आठवडे ती या क्षणाची वाट पाहत होती. तोंडावर काय काय सुनवायचं ते सगळं पाठ होतं. पण समोर तो मान खाली घालून उभा होता. जिंकल्याचा आनंद असा कडू लागेल हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"पेटी सरळ करा," ती एवढंच म्हणाली. "मी कुणाला काही सांगणार नाही. तुमच्या कागदावर काय लिहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

"तुमच्या नावाचं काय?"

"चित्र आलं की नाव आपोआप येईल," ती म्हणाली, आणि मागे न पाहता टेकडी उतरली.

रविवारी सकाळी दोन तास प्रक्षेपण बंद राहिलं. दहाला सुरू झालं तेव्हा पूर्वेकडच्या साऱ्या घरांत चित्र आरशासारखं लख्ख होतं. अँटेनावालीने मीटर लावला. चौपन्न. चार आठवड्यांनी तिने श्वास सोडला.

संध्याकाळी सातच्या बातम्या सलग पाहून मुख्याध्यापिकाबाई मुद्दाम दुकानात आल्या. "शेवटी केलंस नीट," त्या म्हणाल्या. "उशिरा का होईना, चूक सुधारलीस. मी डिशवाल्याला नको म्हणून कळवलंय."

ती हसली आणि आभार मानले. बाई गेल्यावर मात्र ती काउंटरमागे खाली बसली. चित्र आलं होतं, पण नाव आलं नव्हतं. सगळ्या गल्लीने मनातल्या मनात तिला माफ केलं होतं, न केलेल्या चुकीबद्दल. असली माफी तिला नको होती. एक शब्द बोलली असती तर सगळं स्वच्छ झालं असतं... पण त्या शब्दाने टेकडीवरच्या त्या स्वच्छ खोलीतल्या माणसाची नोकरी गेली असती. ती बोलली नाही.

सोमवारी पाच वाजले, तो आला नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. ती पाचला उगीच दुकानाच्या पायरीवर येऊन शिडी पुसायची. बाबा काउंटरमागून पाहायचे. बुधवारी तिने स्वतःलाच बजावलं, की त्याने 'तांत्रिक देखभाल' असं काहीतरी लिहून पान उलटलंय, आणि आपणही उलटावं. तिला रडू आलं. मग रडू आल्याचा राग आला.

गुरुवारी संध्याकाळी ती दुकानात केबली सोलत बसली होती. टीव्ही चालू होता, सातच्या बातम्या लागल्या होत्या. बाबांनी एकदम हात वर केला. "हे बघ."

पडद्याच्या तळाशी एक पट्टी सरकत होती. पांढऱ्यावर काळी अक्षरं, सावकाश.

'पूर्व भागातील प्रेक्षकांना महिनाभर झालेला त्रास ट्रान्समीटरवरील एक पेटी उलटी बसवली गेल्याने झाला. ही चूक आमच्या केंद्राची होती. घरांवरचे अँटेना बरोबर होते.'

पट्टी संपली आणि पुन्हा सुरू झाली. शेवटचं वाक्य तिने तीनदा वाचलं. बाहेर गल्लीत एकामागून एक दारं उघडल्याचे आवाज आले. कुणीतरी पट्टी मोठ्याने वाचत होतं. आणि ज्यांनी जन्मात आवाज चढवला नव्हता त्या मुख्याध्यापिकाबाई आपल्या फाटकातून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ऐका सगळ्यांनी. अँटेना बरोबर होते. आणि पोरी, मी तुला चुकून नापास केलं होतं. माफ कर."

बाबांनी डोळे पुसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ. "पस्तीस वर्षं दुकानाचं नाव पत्र्यावर होतं," ते म्हणाले. "आज तुझ्यामुळे टीव्हीवर आलं."

"नाव कुठे आलंय, बाबा?"

"आलं ते आलंच. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे कोणाचे अँटेना ते."

तो अर्ध्या तासाने आला. टेकडीवरून सायकलने आला होता, दम लागलेला होता. पायरीच्या खालीच थांबला. बाबांनी त्याच्याकडे एकदा नीट पाहून घेतलं. "पाणी जायचं छिद्र खालच्या अंगाला असतं," ते म्हणाले. "तेवढं आता विसरू नकोस." आणि गुडघा सांभाळत आतल्या खोलीत गेले.

"चार दिवस," ती म्हणाली.

"पेटी दोन तासांत सरळ झाली. पट्टीला चार दिवस लागले." त्याने श्वास घेतला. "वरच्यांना 'तांत्रिक कारणास्तव' एवढंच हवं होतं. आमची चूक, हे म्हणायला ते सोमवारी तयार झाले. शेवटचं वाक्य कशाला म्हणे, त्याची काय गरज."

"मग?"

"मी तुमच्या वहीतल्या एकेचाळीस पानांच्या नकला त्यांच्या टेबलावर ठेवल्या. मी नकला काढल्या होत्या, विचारायला हवं होतं तुम्हाला... म्हटलं, हे वाक्य नसेल तर चुकीच्या कबुलीवर माझी सहीही मिळणार नाही."

"आणि तुमची नोकरी?"

"आहे. ठपका लागला. या वर्षी बढती नाही." मग तो हसला, छपराखालच्या खिडकीतून हसला होता तसंच. "पण ठपक्याच्या कागदावर माझी सही आहे ना, ती आजवरची सगळ्यात सुबक सही आहे."

आपल्या वहीचा अभिमान तिला कायमच होता. दुसऱ्या माणसाचा अभिमान असा उसळून येतो हे तिला आज कळलं. तिने काउंटरवरचा पाना उचलला, परत ठेवला. मग हत्यारांची पिशवी घेऊन बाहेर आली आणि त्याच्याशेजारी उभी राहिली.

संध्याकाळच्या उजेडात गल्लीतली छपरं एकामागे एक दिसत होती. प्रत्येकावर एक अँटेना, आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, टेकडीकडे.

"हे सगळे मी बसवलेत," ती म्हणाली. "पाच वर्षं रोज सकाळी पाना हातात घेऊन मी त्या टॉवरकडेच बघतेय. अंशाचाही फरक पडू देत नाही. फक्त... तिथे कोण राहतं ते तेव्हा ठाऊक नव्हतं."

त्याने छपरांवरून नजर फिरवली, एकेक अँटेना पाहत, आणि शेवटी तिच्याकडे वळला. "आणि आता?"

"आता ठाऊक आहे," ती म्हणाली. "आता मुद्दाम बघेन."

त्याने हळूच तिच्या हातातली पिशवी घेतली. या वेळी तिने ती दिली.